वर्गातलं पंचांग

हुनान प्रांतातल्या बऱ्याच लोकांना 'न' आणि 'ल' यांतला फरक ऐकू येत नाही. 'ह'ची गतही तीच, त्याचा 'फ' होतो. त्यांची थट्टा करायची असली की बाकीचे चिनी लोक त्यांच्या प्रांताचं नाव त्यांच्याच उच्चारात घेतात, 'फूलान'. हुनानची राजधानी चांगशा. तिथल्या एका विद्यापीठात मी 2012 ते 2014 अशी दोन वर्षं इंग्रजी संभाषण शिकवलं. माझ्या वर्गात 'नाइट' आणि 'लाइट' हे दोन शब्द नव्हतेच, एकच होता. संदर्भावरून रात्र की दिवा ते ठरवायचं.

मी बेळगावची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीपासून आपलं कॉलेज, पुढं एम. ए. इंग्रजी. ओळखीतल्या एकांनी चीनमधल्या जागेचं सांगितलं तेव्हा घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. त्याची काळजी कुणी करायला नको होती. हुनानी माणूस तिखटाच्या बाबतीत कोल्हापूरकरालाही भारी पडेल. मिठात मुरवलेली लाल मिरची ते माशाच्या डोक्यावर घालून वाफवतात, तिची चव चाखली आणि मला आईचा ठेचा आठवला. आणि सुपारी! तिथं सुपारीचं फळ सालासकट सुकवून, गोडसर मसाला लावून चघळतात. बसमध्ये शेजारच्याचा गाल फुगलेला बघून मला तर अगदी घरी आल्यासारखं वाटायचं. थंडी मात्र वाईट. किनलिंग डोंगर आणि हुआई नदी यांच्या उत्तरेला सरकार हिवाळ्यात इमारती गरम करून देतं, दक्षिणेला नाही. चांगशा दक्षिणेत. तिथली ओली थंडी हाडात शिरते, आणि मुलं वर्गात कोट घालून, हातात गरम पाण्याची बाटली धरून बसायची.

परदेशी शिक्षकाला तिथं 'वाइच्याओ' म्हणतात. हे चित्र तिथल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, आणि ते जुनं आहे. येलच्या पदवीधरांनी मिशनच्या कामातून 1906 मध्ये चांगशात शाळा काढली, ती 'याली' नावानं आजही चालू आहे. 1982 ते 1984 या काळात मार्क साल्झमन या अमेरिकन तरुणानं तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं आणि त्यावर 'आयर्न अँड सिल्क' हे पुस्तक लिहिलं. वाइच्याओ म्हणजे उंच, गोरा, सोनेरी केसांचा. आणि मी? पाच फूट एक इंच, सावळी, तेल लावून वेणी घातलेली.

ज्या मध्यस्थामार्फत नोकरी मिळाली त्यानं आधीच सुचवून ठेवलं होतं, मुलांनी विचारलं तर लंडनला वाढले म्हणून सांगा. मी पहिल्याच तासाला फळ्यावर भारताचा नकाशा काढला आणि बेळगावच्या जागी टिंब दिलं. चाळीस मुलं गप्प बसून त्या टिंबाकडं बघत राहिली.

तिथं प्रत्येक वर्गाला एक मॉनिटर असतो. चार वर्षं तीच मुलं एकत्र, एका खोलीत सहा-आठ जण राहणार, सगळे तास एकत्र करणार, आणि त्यांच्या वतीनं बोलणार तो मॉनिटर. त्याला म्हणतात 'पानचांग'. मी घरी फोनवर सांगितलं की आमच्या वर्गात पंचांग आहे, तर आजी खूश! नाव शोभतही होतं. तास कुठल्या वारी, सुट्टी कधी, सुट्टीच्या बदल्यात कुठल्या रविवारी वर्ग भरणार (ही तिथली खास गंमत, राष्ट्रीय सुट्टीचे दिवस जोडून दिले की त्यातले काही शनिवार-रविवारी भरून घेतात), हे सगळं ऑफिसच्या आधी त्याला ठाऊक असायचं. मला निरोप बहुतेक आदल्या रात्री यायचा.

तर दुसऱ्या आठवड्यात हे पंचांग माझ्याकडं आलं आणि म्हणालं, "मॅडम, काही विद्यार्थी विचारतात की खऱ्या वाइच्याओ पुढच्या सत्रात येणार आहेत का?" वाक्य पाठ करून आणलेलं होतं. व्याकरण बिनचूक. मला राग आला, पण त्याच्यावर नाही. मी म्हटलं, "नाही, याच आहेत."

वर्गात शांतता असायची ती वेगळ्याच जातीची. ही मुलं सहा-सात वर्षं तरी इंग्रजी शिकून आलेली. सकाळी सातला तळ्याकाठी जावं तर पन्नास जण फेऱ्या मारत, मोठ्या आवाजात, प्रत्येकाचा धडा वेगळा, पाठांतर करताना दिसत. शब्दसंग्रहाच्या पुस्तकात पहिलाच शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणे. म्हणून बरेच जण पहिल्या पानावरच सोडून देतात, असा त्यांचा आवडता विनोद. पण वर्गात प्रश्न विचारला की चाळीस माना खाली. त्याला कारण होतं. सगळ्यांचं लक्ष 'बँड फोर' नावाच्या राष्ट्रीय परीक्षेकडं. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, 710 गुणांची. 425 मिळाले की पास धरतात, आणि नोकरीच्या अर्जात तो आकडा विचारतात. बोलण्याची परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक. म्हणजे मी जे शिकवत होते त्याला त्या 710 मध्ये एकही गुण नव्हता. शिवाय चारचौघांत चुकलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही, ही भावना तिथं फार खोल. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं.

ती शांतता मला ओळखीची होती. पीयूसीच्या पहिल्या वर्षी मी कॉलेजात वर्षभर इंग्रजीतून एक वाक्य बोलले नव्हते. सरांनी विचारलं की नुसती उभी राहायची. हे मी एके दिवशी वर्गाला सांगून टाकलं आणि फळ्यावर 'ळ' काढला. म्हटलं, आता तुम्ही हे म्हणून दाखवा. बाळ. केळं. काळोख. जिभेची कसरत बघून सगळा वर्ग हसायला लागला. मग त्यांनी मला चिनी उच्चार म्हणायला लावले. आता गंमत बघा, चिनी भाषेतले बरेच उच्चार मराठी माणसाला आपोआप येतात. रोमन अक्षरात जे 'बी' लिहितात तो खरा आपला 'प' असतो आणि 'डी' म्हणजे 'त'. बीजिंग म्हणतो आपण, ते लोक म्हणतात पेइचिंग. आणि 'झेड' लिहितात तो तर चक्क आपल्या 'चाक'मधला 'च', 'चार'मधला नव्हे! माझे अमेरिकन सहकारी वर्षानुवर्षं तिथं राहून ज्यावर अडत होते तो उच्चार मला पहिल्या दिवशी जमला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सूर मात्र जमेनात. 'माइ' एका सुरात म्हटलं तर विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. भाजीवाल्याला माझं गिऱ्हाईकपण पिशवी बघूनच कळायचं.

त्या दिवसापासून मुलं थोडं थोडं बोलायला लागली. सगळी नाही. मागच्या बाकावर एक मुलगा होता, पश्चिम हुनानच्या डोंगरातला. घरी म्याओ भाषा. प्रमाण चिनी तो शाळेत शिकला, जिथं भिंतीवरच लिहिलेलं असतं, कृपया प्रमाण चिनीत बोला. म्हणजे इंग्रजी ही त्याची तिसरी. आमच्या बेळगावात घरी मराठी, कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी, तेव्हा मला त्याचं कौतुक नाही, हिशोब कळत होता. बँड फोरला त्याला 421 मिळाले होते. चार गुणांनी गेलेला. एकदा तास संपल्यावर तो जिन्यात थांबला आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "तुमची भीती जायला किती वर्षं लागली?"

मी खरं ते सांगितलं, की फोनवर अजून वाटते.

तो काही एकदम पोपटासारखा बोलायला लागला नाही. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेत त्यानं तीन मिनिटं आजीबद्दल सांगितलं. आजी छपरावर मिरच्या वाळत घालते आणि पाऊस आला की त्याला हाक मारते, एवढंच. मधे दोनदा थांबला. मागून कुणी हसलं नाही, पंचांगानंही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझा करार वाढवला नाही. चहाचा सुंदर डबा भेट दिला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी कॅनडाहून कुणी येत आहेत. हे दुखलं, अजूनही थोडं दुखतं. आता तर नियमच कडक झालेत. 2017 नंतर भाषाशिक्षकाचा परवाना सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतल्या लोकांनाच मिळतो. मातृभाषा असणं आणि भाषा शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण परवाना देणाऱ्यांना तेवढा वेळ कुठं असतो! निघायच्या आदल्या दिवशी वर्गानं मोठं कलिंगड आणलं, बाकावर ठेवून कापलं आणि मला पहिली फोड दिली. चांगशाचा जून म्हणजे भट्टी, फोड हातातच गरम झाली.

त्या म्याओ मुलाचा क्यूक्यूवर निरोप आला तेव्हा मी बेळगावात शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत बसले होते. डिसेंबरमध्ये त्यानं परीक्षा पुन्हा दिली होती. निरोपात एक आकडा होता, 431, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की आजीला सांगितलं, तिला आकडा कळला नाही म्हणून म्याओमध्ये पुन्हा सांगितलं.