तापीकाठचे बऱ्हाणपूर

तापीच्या उत्तर काठावर, सातपुडा संपून सपाट काळी जमीन सुरू होते तिथे बऱ्हाणपूर वसले आहे. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. त्याच्या पायथ्याच्या खिंडीतून नर्मदेच्या खोऱ्यातला प्रवासी तापीच्या खोऱ्यात उतरतो. दिल्ली-आग्र्याहून दक्खनकडे निघालेल्या फौजा, व्यापाऱ्यांचे तांडे आणि फकीर याच वाटेने आले, आणि उताराला पहिली मोठी नदी लागते तिथे मुक्काम पडणे साहजिकच होते. दक्षिणेला इच्छापूर मागे पडले की महाराष्ट्र सुरू होतो. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ ही गावे शेजारची. बऱ्हाणपूर ज्या मध्य प्रदेशात आहे त्याची राजधानी भोपाळ मात्र तीनशे किलोमीटरहून दूर. शहराचे लालबाग भागातले रेल्वे स्थानकही भुसावळ विभागात मोडते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस नासिर खान फारुकीने हे शहर वसवले आणि खुलदाबादला चिरविश्रांती घेत असलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्याला दिले. पलीकडच्या काठावर झैनाबाद वसले, तेही खुलदाबादच्याच झैनुद्दीन शिराझी यांच्या नावाने. फारुकींची सत्ता आधी थाळनेरला होती. पुढे दोनशे वर्षे खानदेशाचा कारभार बऱ्हाणपुरातून चालला. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचे राज्य संपले, तरी शहराचे महत्त्व वाढतच गेले, कारण मोगलांच्या दक्षिणेतल्या मोहिमांचे ते ठाणे झाले. नंतर निझाम आणि 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर मराठे, मग शिंदे, असे धनी बदलत गेले. 1860 मध्ये शिंद्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा तो मुंबई इलाख्यातल्या खानदेशाला न जोडता निमाड जिल्ह्यात घातला गेला. 1956 ची राज्य पुनर्रचना त्याच रेषेवरून झाली. खानदेशाची जुनी राजधानी खानदेशाबाहेर राहिली ती अशी. शहराच्या आजच्या जगण्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा या एका प्रशासकीय निर्णयापाशी होतो.

शहराच्या आतला भाग अजून जुन्या आखणीवर उभा आहे. अठराव्या शतकात निझामाने बांधलेल्या तटाच्या वेशी शनवारा, इतवारा, राजपुरा, शिकारपुरा अशी नावे धरून आहेत, आणि वेशींची नावे हीच मोहल्ल्यांचीही नावे आहेत. मधोमध फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाने सोळाव्या शतकाच्या शेवटी उभारलेली काळ्या दगडाची जामा मशीद आहे. तिच्या भिंतीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरलेला आहे आणि त्यात फारुकींची वंशावळ देवनागरीत वाचता येते. लोधीपुऱ्यातली दर्गाह-ए-हकीमी हे दाऊदी बोहरा समाजाचे मोठे यात्रास्थान. देशोदेशीचे बोहरा यात्रेकरू इथे मुक्कामाला येतात. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडकडे जाताना येथे थांबले होते, त्याची स्मृती बडी संगत गुरुद्वाऱ्यात जपलेली आहे. मुमताजमहल 1631 मध्ये येथेच वारली आणि आग्र्याला नेण्यापूर्वी तिचा देह झैनाबादच्या आहूखाना या बागेत ठेवला गेला. मराठी वाचकाला मात्र मोहना नदीकाठची छत्री अधिक जवळची वाटावी. 1665 मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग दोनच वर्षांनी बऱ्हाणपुरात मरण पावला. ही छत्री त्याची. पुढे 1681 च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरच्या बहादूरपुरा पेठेवर झडप घातली. ही पेठ किती संपन्न होती, ते त्यावरून कळते.

या संपन्नतेला पाण्याचा आधार होता. तापी तटाखालून वाहते, पण ती खोल पात्रातून. शत्रूने वरच्या अंगाला पाणी दूषित केले तर शहर आणि छावणी दोन्ही संकटात. म्हणून जहांगीरच्या काळात, अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, 1615 च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने जमिनीच्या पोटातून पाणी आणले. सातपुड्याच्या उतारावर पडणारा पाऊस मुरत मुरत तापीकडे सरकतो. हा प्रवाह मध्येच अडवून भूमिगत गल्लीत घ्यायचा, गल्लीला नेमका उतार द्यायचा आणि ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या कुंड्या खणून हवा खेळती ठेवायची, अशी ती रचना. तिलाच कुंडी भंडारा म्हणतात. लालबागकडच्या शेतांतून या कुंड्यांची गोल तोंडे रांगेने दिसतात. त्यांची संख्या शंभरावर आहे. पाणी ना रहाटाने वर काढावे लागे, ना बैलांनी. ते आपल्या भाराने शहरातल्या जाली करंज या हौदापर्यंत येई आणि तिथून मातीच्या नळांनी वाड्यांत व सरायांत जाई. औरंगाबादची नहर-ए-अंबरी याच विद्येतली, पण मलिक अंबरच्या त्या कामाची जितकी चर्चा झाली तितकी कुंडी भंडाऱ्याची मराठीत झाली नाही. एका कुंडीतून पाळण्याने खाली उतरता येते. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचले आहेत आणि पायाशी स्वच्छ पाणी वाहत असते. 2024 मध्ये ही रचना युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तशी मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी भावंडेही होती, ती फारशी टिकली नाहीत.

विणकाम हा शहराचा दुसरा आधार. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने इथले झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तानापासून पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीप्रमाणे बऱ्हाणपुरातही आले. 1906 मध्ये ताप्ती मिल निघाली आणि लालबागचा परिसर तिच्या भोंग्यावर चालू लागला. 2020 च्या टाळेबंदीत तिचे माग थांबले. आता कापडाचा भार घराघरांतल्या यंत्रमागांवर आहे. बकरम, अस्तर आणि कोऱ्या कापडाचे ताके येथून इतर शहरांत प्रक्रियेसाठी जातात, म्हणजे शेवटचा नफा दुसरीकडे होतो. मजुरी मीटरवर ठरते, सूत महागले की पहिली कात्री मजुरीला लागते. खालच्या खोलीत माग आणि वरच्या खोलीत संसार, दिवसरात्र खडखडाट, हवेत सुताचे तंतू: जीवनमानाची चर्चा या खोल्यांपासून सुरू झाली पाहिजे, आणि ती क्वचितच तिथून सुरू होते. नेपानगरच्या कागद कारखान्याने 1950 च्या दशकात देशातला पहिला वृत्तपत्रांचा कागद काढला, पण तो जंगलातल्या वेगळ्या वसाहतीत वाढला. त्याचा फायदा शहराच्या गल्ल्यांपर्यंत कमीच झिरपला.

15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला. 2011 च्या गणनेत शहराची वस्ती दोन लाखांच्या थोडी वर होती. जिल्हा कचेरी आली तशी शहराने वेशींबाहेर पाऊल टाकले. इंदूर-इच्छापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या वसाहती, मंगल कार्यालये, ट्रॅक्टरची दुकाने उभी राहिली. या वाढीला घाई नाही, आणि तेच शहराचे बळ आहे. बाजारात हिंदी, उर्दू, निमाडी आणि खानदेशी वळणाची मराठी एकाच व्यवहारात बोलली जाते. मावा जलेबी आणि दराबा यांसाठी लोक वाट वाकडी करतात. मांडे तर सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. खानदेशात ते पुरणाचे, इथल्या बाजारात मैद्याचे, उलट्या कढईवर भाजलेले. सोयरीक रावेर-यावलशी, शिक्षण आणि दवाखाना इंदूर किंवा जळगावला, कागदपत्र भोपाळला, असे इथल्या अनेक कुटुंबांचे आयुष्य तीन दिशांना वाटलेले असते.

शहराभोवती केळीच्या बागा आहेत. बऱ्हाणपूरच्या लिलावात केळीला काय भाव फुटला याकडे रावेर तालुक्यातला शेतकरीही कान लावून असतो. ट्रक भरले की माल दिल्ली, पंजाब आणि पुढे काश्मीरकडे जातो. केळीने खेड्यांत पक्की घरे आणि शिकलेली मुले आणली. तिने पाणीही तितकेच ओढले. मे-जूनच्या वादळात उभी बाग एका तासात आडवी होते, त्या नुकसानीतून सावरायला शेतकरी पुन्हा केळीच लावतो आणि बोअर आणखी खोल नेतो. ठिबकने पाण्याची नासाडी थांबली, लागवड मात्र वाढली.

इथेच जिल्ह्याची एक मोठी कमाई नोंदवावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 1,01,905 ग्रामीण घरांपैकी 37,241 घरांतच नळ होता. जुलै 2022 मध्ये बऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. कोरकू आणि बारेला आदिवासींच्या पाड्यांवरच्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही या प्रदेशातली गेल्या शंभर वर्षांतली मोठी घटना म्हणावी लागेल. पण नळातले पाणी कुठून तरी यावे लागते, आणि बरेचसे त्याच भूजलातून येते ज्यावर केळी उभी आहे. नेपानगरच्या वनक्षेत्रात अलीकडच्या वर्षांत अतिक्रमणापायी झालेली झाडतोड म्हणून शहरवासीयांच्याही काळजीची गोष्ट आहे. उतारावरचे झाड गेले की पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा जाड पट्टा आहे. भूगर्भतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. या पट्ट्यात पाणी झपाट्याने मुरते. खारिया गुटीघाटाशी तापी अडवून तिचे पुराचे पाणी कालव्यांनी या पट्ट्यात सोडण्याची तापी मेगा रिचार्ज योजना अनेक वर्षे चर्चेत होती. 10 मे 2025 रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तिच्या करारावर भोपाळमध्ये सह्या केल्या. मध्य प्रदेशातली सव्वा लाख हेक्टरच्या आसपास आणि महाराष्ट्रातली त्याहून बरीच जास्त, सव्वादोन लाखांवर हेक्टर जमीन तिच्या लाभात मोजली आहे. बऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव, बुलढाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांचे भूजल यापुढे एकाच हिशेबात मांडावे लागणार आहे.