भुरीच्या चालीनं

कुत्र्याला फिरवायचं असतं, ही कल्पना आमच्या पोशीरमध्ये अजून पुरती रुजलेली नाही. गावचं कुत्रं आपलं आपण फिरतं. त्यामुळे मी भुरीच्या गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून बांधावरून निघालो की शेजारच्या आजी हमखास विचारतात, "कुठं नेतोस रं तिला? बरं नाही का?" दोरी लावून नेलं म्हणजे इंजेक्शन, एवढाच त्यांचा अनुभव. खरी गोष्ट अशी की चालायला डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तिला नव्हे. रोज पाऊण तास, तोही झपझप.

झपझप हा शब्द भुरीला मान्य नाही. घरापासून नदीच्या वाटेला लागेपर्यंत ती इतक्या ठिकाणी थांबते की माझा घाम सुटण्याआधीच वाळतो. विजेचा खांब, बांधाचा कोपरा, कुणाच्या तरी बैलगाडीचं जुनं चाक. तलाठ्याच्या कचेरीत सातबारा वाचणाऱ्या माणसाच्या गांभीर्यानं ती एकेक जागा हुंगते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठेक लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. आपण उच्छ्वास सोडतो तेव्हा आधीचा वास त्याच वाटेनं बाहेर ढकलतो. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते, तिथून हवा बाहेर जाते आणि समोरचा वास आत येतच राहतो. पण कुत्रं धापा टाकायला लागलं की हे सगळं मंदावतं. तोंड उघडं पडलं की नाकाचं काम कमी होतं. म्हणजे मी तिला पळवलं तर माझा व्यायाम होतो आणि तिचा दिवस वाया जातो.

त्यावर आमचा तोडगा निघाला आहे. जाताना तिची चाल, येताना माझी. जाताना दोरी सैल, ती थांबेल तिथं मीही थांबतो आणि पश्चिमेला माथेरानचा सपाट माथा किंवा पूर्वेला भीमाशंकरची भिंत बघत उभा राहतो. येताना वाट वाचून झालेली असते. मग ती दुडक्या चालीला लागते आणि मला तिच्यामागं जवळजवळ पळावं लागतं. कुत्र्याची खरी चाल ही दुडकीच. आपल्या चालण्याहून ती वेगवान असते आणि आपल्या पळण्याहून थोडी कमी. त्यामुळे आम्हां दोघांपैकी कुणीतरी एक नेहमीच अवघडलेलं असतं.

पैज लावायची तर थंडीत भुरी मला केव्हाही हरवेल. एप्रिलमध्ये मात्र मी जिंकतो. हा माझा पराक्रम नाही, कातडीचा आहे. माणूस अंगभर घामेजतो; कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, बाकी सगळी उष्णता जिभेवाटे काढायची. त्यात चौखूर धावताना त्याचा श्वास पावलांना बांधलेला असतो, एका उडीला एक श्वास. आपल्याला तशी सक्ती नाही. कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नेरळ-कळंब रस्त्याच्या डांबरावर मी आधी हाताची मागची बाजू टेकवून बघतो. सात-आठ सेकंद टेकवत नसेल तर तिचा पंजाही तिथं पडता कामा नये. म्हणून उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आत निघतो. शेतांत राब भाजलेले असतात, त्यांतून जायचा मोह तिला आवरत नाही आणि ती चारी पायांत काळे मोजे घालून घरी येते.

शनिवार-रविवारी फार्महाऊसवरची कुत्री दिसतात. लॅब्रेडॉर समजू शकतो, तो नदीत पडून तरी राहतो. पण बर्फात गाडी ओढण्यासाठी वाढवलेला, दुहेरी केसांचा हस्की मे महिन्यात रायगड जिल्ह्यात कशासाठी? थंड देशांत कमरेला पट्टा बांधून कुत्र्यासोबत धावण्याच्या शर्यती होतात, त्याला कॅनिक्रॉस म्हणतात. तिथल्या हवेत ते छान असेल. इथं त्या हस्कीला पंख्याखाली निजू द्यावं, हे माझं स्पष्ट मत.

आणि एक, मी भुरीला घेऊन खांडसच्या वाटेनं भीमाशंकरला चढत नाही. वर 1985 पासून अभयारण्य आहे. तिथं शेकरू असतो, आणि कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. आमच्या हौसेसाठी त्यांचं रान नासवायचं कारण नाही.

कुत्र्यासोबत खरं चालणारी माणसं दिवाळीनंतर येतात. देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणपट्टीत येतात आणि पावसाआधी पुन्हा वर चढतात. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यातच कोकरं, कोंबड्या. रात्री कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. त्यांची कुत्री बघत राहावीत अशी. ती कारणाशिवाय पळत नाहीत. चरत चाललेल्या मेंढीचा जो वेग, तोच त्यांचा, आणि त्या वेगानं ती सह्याद्री उतरून येतात. रात्री माणसं निजतात आणि त्यांचं काम सुरू होतं. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याच्या पायांशी कुत्रं का असतं, हे असा तांडा एकदा पाहिला की कुणी समजावून सांगावं लागत नाही. गावात सगळ्यांवर भुंकणारी भुरी तेव्हा माझ्या पोटऱ्यांमागं उभी होती.

"बांधलंय का तिला?" एका म्हाताऱ्या धनगरानं विचारलं.

"फिरायला आणलीय."

"मग फिरू द्या की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वालाच्या शेतात घुसेल, असं काहीतरी पुटपुटलो. ते खोटंही नव्हतं. भाताच्या ओलीवर पेरलेला वाल तेव्हा नुकता वर आलेला असतो.

पावसाळ्यात बांध निसरडे होतात, खाचरांतून मुठे बाहेर पडतात आणि दर वर्षी एखादा मुठा तिच्या नाकाला नांगी लावतोच. खरी धास्ती लेप्टोची. उंदरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. तिला दर वर्षी लस, मला गमबूट. घरी आलं की पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग कानामागं गोचीड शोधायची. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची; रॉकेल ओतायचं नाही. इतकं करूनही दोन दिवसांत नव्या गोचिडी लागतात. त्या गोठ्यातून येतात, कारण पहाटे दार उघडलं की भुरी तिकडं एक चक्कर मारून येते. त्या चकरेला तिला ना दोरी लागते, ना मी.