अपोलो बंदरावरचा मुसाफिरखाना

कोकणातून मुंबईला येणाऱ्या शाळांच्या सहलीचा रस्ता ठरलेला असतो. राणीची बाग, म्युझियम आणि शेवटी गेट वे ऑफ इंडिया. यंदा आम्ही आमच्या उर्दू हायस्कूलच्या नववीच्या बेचाळीस मुलामुलींना घेऊन गेलो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत मुलांनी जोहरची नमाज पढली, बसमध्ये बसून सर्वांनी डबे खाल्ले आणि तीनच्या सुमारास आम्ही अपोलो बंदरावर उतरलो. कबुतरे, फोटोवाले, भेळवाले यांच्या गर्दीत मुले गेट वेकडे धावली. एक मुलगा मात्र पाठमोरा उभा राहून समोरचे ताजमहाल हॉटेल पाहत होता. टोपी अजून डोक्यावरच होती.

"सर, आत जाता येतं का?"

"येतं की. हॉटेलच आहे ते."

"तसं नाही. आपल्याला सोडतील का?"

"आपल्याला" या शब्दावर त्याने दिलेला जोर आम्हांला ऐकू आला. आपण गरीब म्हणून, खेड्यातले म्हणून, की डोक्यावरच्या टोपीमुळे, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. घारापुरीच्या लाँच सुटतात तिथल्या कठड्यापाशी सगळ्यांना बसवले आणि या इमारतीचा धडा घेतला. वाचकांच्या घरची मुलेही कधी ना कधी इथे उभी राहतील, म्हणून तो इथे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही, की ताज गेट वेपेक्षा वयाने मोठे आहे. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले, तर गेट वेचे उद्घाटन झाले 4 डिसेंबर 1924 रोजी. मधली एकवीस वर्षे समुद्रातून येणाऱ्या माणसाला मुंबईची पहिली खूण म्हणून या हॉटेलचा घुमटच दिसायचा. आमचे आजोबा मुघल लाइनच्या जहाजाने हजला गेले होते. जाण्यापूर्वी ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले होते. जहाज बंदराबाहेर निघाले तेव्हा डेकवरून ताजचा घुमट लहान लहान होत गेला आणि मग वतन दिसेनासे झाले, असे ते सांगायचे. आत पाऊल त्यांनी कधी टाकले नाही. पण निरोप देणारी शेवटची इमारत म्हणून ती त्यांच्या कायम ध्यानात राहिली.

हॉटेल बांधले जमशेटजी टाटांनी. एका युरोपियन हॉटेलात त्यांना हिंदी माणूस म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागातून ताज उभे राहिले, ही गोष्ट मुलांना पाठ होती. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला भक्कम पुरावा सापडत नाही. पक्के माहीत आहे ते असे: 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, लोक शहर सोडून पळू लागले, व्यापार बसला. अशा काळात जमशेटजींनी आपल्या शहरावर पैसा लावला. मुंबईत विजेचे दिवे लागलेले हे पहिले हॉटेल. पंखे अमेरिकेचे, लिफ्ट जर्मनीची, हमाम तुर्की पद्धतीचे. पंखा आणि न्हाणीघर असलेल्या खोलीचे भाडे दिवसाला 13 रुपये होते. पहिल्या दिवशी पाहुणे आले अवघे सतरा. मे 1904 मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. उघडलेले हॉटेल त्यांना जेमतेम पाच महिने लाभले.

दुसरी गोष्ट मुंबईचा कोणताही टॅक्सीवाला सांगेल. हॉटेल उलटे बांधले गेले, तोंड समुद्राकडे हवे होते ते शहराकडे झाले आणि हे पाहून इंग्रज आर्किटेक्टने आत्महत्या केली. ही गोष्ट तर साफ खोटी. मूळ आराखडा इंग्रजाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरे होण्याआधीच वैद्य आजाराने वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. आतला प्रसिद्ध जिना खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांच्या हातचा. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून दार तिकडे ठेवले आणि समुद्राचा वारा खोल्यांना दिला. यात चूक नव्हती, हिशेब होता. पण त्या गोष्टीने वैद्यांचे नाव मात्र पुसले. ऐकीव गोष्ट तपासल्यावाचून पुढे सांगितली की कुणाचा तरी हक्क मारला जातो.

पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात सहाशे खाटांचे इस्पितळ झाले. 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजांची शेवटची पलटण गेट वेच्या कमानीखालून गेली, तीही या खिडक्यांसमोरून. 1973 मध्ये शेजारी उंच टॉवर उभा राहिला.

मग 2008 सालावर आलो. समोर बसलेल्यांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. 26 नोव्हेंबरच्या रात्री हल्लेखोर आत घुसले. 29 तारखेच्या सकाळपर्यंत गोळीबार चालला, वरचे मजले जळाले, घुमटाभोवतीचा धूर साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. हॉटेलचा कर्मचारीवर्ग पळाला नाही. पाहुण्यांना मागच्या वाटेने बाहेर काढताना त्यांतले कितीतरी जण मारले गेले. त्यांत हिंदू होते, पारशी होते, ख्रिस्ती होते आणि मुस्लिमही होते. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या लागून पडलेल्यांतही अनेक मुस्लिम प्रवासी होते.

त्यानंतरचे दिवस आम्हांला चांगले आठवतात. शाळेत, बाजारात, एसटीत कुणी काही बोलत नसे, पण नजरा बोलायच्या. अशा वेळी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मेलेल्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. मय्यतीला मातीसुद्धा न देणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत समजावून सांगावे लागत नाही. निर्णय सोपा नव्हता. 9 डिसेंबरला बकरी ईद आली, तेव्हा अनेकांनी दंडाला काळी फीत बांधून ईदची नमाज अदा केली. आम्हीही बांधली होती. या गोष्टी आपणच आपल्या मुलांना सांगितल्या नाहीत, तर त्यांच्या कानावर दुसऱ्याच गोष्टी पडतील.

ताजचा टॉवर त्याच 21 डिसेंबरला पुन्हा उघडला. जुनी इमारत दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी उघडली.

"सर, तुम्ही गेलात आत?" एका मुलीने विचारले.

गेलो होतो. काही वर्षांपूर्वी, लग्नाच्या वाढदिवसाला, दोघे फक्त चहा प्यायला. दारात पिशवी मशीनमधून गेली. आमच्या पुढे सुटाबुटातले गृहस्थ होते, त्यांचीही गेली. हिजाब, दाढी कुणी निरखली नाही. "या" म्हणाले. चहाच्या बिलात घरचा आठवड्याचा बाजार आला असता, हे मात्र खरे. मारल्या गेलेल्यांच्या स्मारकापाशी उभे राहून आम्ही थोडा वेळ घालवला आणि बाहेर पडलो.

म्हणून त्या मुलाला उत्तर दिले, "सोडतील बेटा. पिशवी तपासतील, ती सगळ्यांचीच तपासतात. आज बेचाळीस जणांच्या चहाचे पैसे आपल्याकडे नाहीत, अडचण तेवढीच." मुले हसली. पण सारे उत्तर आमच्या एका चहाच्या अनुभवावर उभे होते, हेही आम्हांला कळत होते. त्याला उद्या कुठल्या दारात कोण काय म्हणेल, याची हमी कोणता शिक्षक देणार?

परतल्यावर सहलीवर निबंध लिहायला दिला. त्या मुलाने राणीची बाग दोन ओळींत उरकली होती. उरलेल्या पानभर ताज होते. साबू सिद्दीकचा मुसाफिरखाना आणि ताज, दोन्ही मुसाफिरांसाठीच बांधले, फरक भाड्याचा, असे त्याने लिहिले होते. शेवटचे वाक्य होते: मोठा झाल्यावर अब्बा-अम्मीला घेऊन समोरच्या दाराने आत जाईन आणि वैद्यांचे नाव कुठे लिहिले आहे का ते बघेन.

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले, "इन्शाअल्लाह. जरूर जा."