मोत्या, सिलिंडर आणि सुतार

कुत्रा पाळावा असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण धाकट्यानं एकदा पहूरच्या बाजारातून भरताच्या वांग्यांऐवजी पिशवीत पिल्लू आणलं आणि मोत्या घरचा झाला. त्याचे दात शिवशिवत. चप्पल, पायपुसणं, वर्तमानपत्राचा अग्रलेख, काही वर्ज्य नव्हतं. अग्रलेखाचं मला दुःख नाही. पण एका सकाळी महाशय गॅसची नारिंगी नळी तोंडात धरून बसलेले दिसले आणि माझ्या हातातला चहा सांडला.

नळीत तारेची जाळी असते, म्हणून निभावलं. ती पाच वर्षांनी बदलायची असते. आमची सातव्या वर्षात होती, हे मोत्यामुळे कळलं! नवी बसवली आणि मी कर्त्या पुरुषाच्या थाटात सुतार बोलावला. ओट्याखाली घट्ट दारांचं कपाट झालं. एक सिलिंडर आत उभा, दुसरा भरलेला जागा वाचावी म्हणून आडवा. टोपीच्या दोरीशीही मोत्या खेळायचा, तोही प्रश्न मिटला. वर कडी!

पुढच्या खेपेला सिलिंडर घेऊन आलेल्या पोरानं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "काका, कोंडायचं कोणाला, कुत्र्याला का गॅसला?"

मग त्यानं माझी शिकवणीच घेतली. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. बंद कपाटात साचून राहतो. मग एखाद्या बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. सिलिंडर आडवा असला तर तोंडाशी पातळ गॅस येतो, म्हणून तो उभाच हवा, टोपी लावलेली हवी आणि शेगडी त्याच्याहून उंच हवी. वास तरी गॅसचा कुठला? आपल्याला कळावं म्हणून तो मुद्दाम घातलेला!

मी खाली पाहिलं. मोत्या कपाटाला पाठ लावून गाढ झोपला होता. आम्हा माणसांची नाकं पाच फुटांवर, त्याचं फरशीपासून चार बोटांवर. त्यातून वैशाखातल्या दुपारी झळांच्या भीतीनं आम्ही खिडक्याही लावून घेतो. गळती झाली असती तर ती आधी त्याच्या अंथरुणाशी गेली असती. मला पुढचं बोलवेना.

सुतार पुन्हा आला. कपाटाची दारं निघाली आणि त्यातलंच एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मोत्यासाठी आडवं लागलं. त्याचं अंथरूण ओसरीवर गेलं. भिंतीवर १९०६ हा गळतीच्या मदतीचा नंबर लिहिला. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, हे धाकट्याकडून पाठ करून घेतलं.

"कुत्र्याला अडवायचं आणि गॅसला हवा द्यायची, एवढं कळायला तुम्हाला सुतार दोनदा लागला," सौ. म्हणाली.

सुतारानं मात्र जाताना मोत्याला बिस्किटाचा पुडा दिला. एका घरातून दोन कामं मिळवून देणारं गिऱ्हाईक हल्ली मिळतं कुठं?