लाडका लेखक बदलतो तेव्हा

बारडोली हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १९२८ चा सत्याग्रह उभा राहतो. वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी जेथे मिळाली तेच हे गाव. माझे बालपण बारडोलीत गेले असे मी सांगितले की समोरच्या माणसाच्या मुद्रेवर थोडा आदर उमटतो. आमच्या घरी चरखा चालत असेल, आत्मचरित्रांची पारायणे होत असतील, अशी त्याची समजूत होते. वास्तविक आमच्या घरी खून होत असत. महिन्याला निदान दोन, आणि सुट्टीत त्याहून अधिक.

हे खून करविणारे गृहस्थ पुण्याचे होते. नाव सुहास शिरवळकर. वाचक त्यांना लाडाने ‘सुशि’ म्हणत, आणि आम्हीही पुढे तेच म्हणू लागलो. वडील बँकेत नोकरीला. मूळचे घर गोव्याचे, पण बदल्यांच्या फेऱ्यात ते बारडोलीला येऊन रुतले. तापी व्हॅलीच्या रेल्वेमार्गावर असल्यामुळे खानदेशाकडची मराठी गावात अधूनमधून कानावर पडे, उसाच्या हंगामात तर हटकून पडे. परंतु मराठी पुस्तक मिळण्याची सोय मात्र जवळपास नव्हती. गिरगावात राहणारे आमचे एक काका महिन्यातून एकदा जुन्यानव्या पुस्तकांचा गठ्ठा बांधीत व सुरतेला येणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर ‘फ्लाइंग राणी’ने धाडून देत. सुरतेहून तो गठ्ठा एस. टी. ने बारडोलीस येई. त्याची सुतळी सोडण्याचा मान दादाचा, आणि ती गुंडाळून ठेवण्याचे काम माझे.

त्या गठ्ठ्यातून दारा बुलंद आला, मंदार पटवर्धन आला, बॅरिस्टर अमर विश्वास आला. फिरोज इराणी आला तेव्हा तर आम्हांला जवळचाच कोणी आल्यासारखे वाटले, कारण नवसारी आणि उदवाडा आमच्यापासून कितीसे दूर! त्या कथांत खून होता, पाठलाग होता, आणि त्यांच्या जोडीला एक हळवेपणाही होता. पिस्तूल रोखलेला नायक मध्येच कोणाच्या तरी डोळ्यांत पाहून क्षणभर थबके. दादाला ते थबकणे मान्य नव्हते, मला होते. मी ते पान दोनदा वाची.

आमचा एक नियम होता. दोन-तृतीयांश पुस्तक झाले की थांबायचे, गुन्हेगाराचे नाव पेन्सिलीने एका चिठोऱ्यावर लिहायचे आणि चिठोरे मागच्या पुठ्ठ्यात खोचून ठेवायचे. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याने पुढचे पुस्तक आधी वाचायचे. दादा बहुधा जिंकत असे. शेवट कोणी कोणाला सांगायचा नाही, ही मात्र शपथ होती. ती मोडल्याबद्दल एकदा मला चार दिवस दादाचा अबोला सोसावा लागला.

आई या खेळात नव्हती. ती फडक्यांची वाचक. तिची तक्रार अगदी वेगळी होती. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथेचे तंत्र सांगितले, गुंतागुंत आणि उत्कंठा यांचे धडे घालून दिले, आणि पुढे जन्मभर आपलेच धडे ते गिरवीत राहिले, असे ती म्हणे. पण ‘आता पुरे झाले फडके’ असे म्हणून ती पुढची कादंबरी मागवी, हेही खरे. १९७८ साली फडके वारले त्या दिवशी तिने संध्याकाळी दिवा लावल्यावर ‘दौलत’ काढून वाचायला घेतली. एकसारखे लिहिणाऱ्या लेखकाबद्दलचा हा राग. आणि बदललेल्या लेखकाबद्दलचा राग कसा असतो, हे आमच्या घराला त्यानंतर चार वर्षांनी कळायचे होते.

त्याच वर्षी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. दादा नुकताच शाळेतून बाहेर पडला होता. त्याने कॉलेजचा अर्ज आणला होता, तो भरलाही होता. तो कपाटातच राहिला आणि दादा साखर कारखान्यात कारकून म्हणून लागला. घरात यावर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. तीन वर्षांनी मी मात्र बडोद्याला शिकायला गेले, वसतिगृहात राहिले. माझी फी दर सहामाहीला मनीऑर्डरने येत असे, आणि कुपनावर दोन ओळींच्या जागेत दादा नव्या पुस्तकाचे नाव तेवढे लिहीत असे.

अशाच एका कुपनावर ‘दुनियादारी’ हे नाव आले. कादंबरी १९८२ सालची. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा पुस्तक मेजावर पालथे पडले होते आणि दादाचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. मी बूट काढण्याच्या आत त्याने विचारले, “हातूंत खून खंय आसा गो?”

खून नव्हताच. पुण्यातले एक कॉलेज, त्याच्या कट्ट्यावर बसणारी मुले, श्रेयस, दिग्या, शिरीन, मिनू. चहा, मारामाऱ्या, प्रेम, आणि पुढे जे व्हायचे ते. मी ते पुस्तक दोन रात्रींत संपवले आणि शेवटी रडले. बडोद्यात आमच्या कँटीनमागेही एक कठडा होता. तेथे बसणाऱ्यांची नावे निराळी होती, एवढाच फरक. माझ्या आयुष्यातली माणसे छापील पानावर पाहण्याची ती पहिलीच वेळ.

दादा म्हणाला, “हा लेखक आपल्याला सोडून गेला.”

मी वाद घातला. मला म्हणायचे होते ते आज मी जास्त नीट सांगू शकेन. या कादंबरीतही रहस्य आहे, फक्त प्रश्न बदललेला आहे. बारमध्ये बसून पिणारा तो प्रौढ एम.के. घ्या. त्याचे गतायुष्य आपल्याला थेंबाथेंबाने कळते, एखाद्या खटल्यात पुरावा पुढे यावा तसे. कोणी मारले याऐवजी कोण कोणाला सोडून जाणार, ही धास्ती वाचकाच्या छातीवर बसते. दारा बुलंद लिहून लिहून जो हात तयार झाला त्याच हाताने हे लिहिले. पण त्या वेळी मी एवढेच म्हणाले की, “तुला समजले नाही.” असे वाक्य थोरल्या भावाला बोलू नये. त्याने पुस्तक उचलून कपाटात ठेवले.

या भांडणाला शेजारच्या पटेलांच्या घरून एक पुरवणी मिळाली. तेथल्या बेन अश्विनी भट्टांच्या निस्सीम वाचक. गुजरातीत प्रणय आणि थरार यांची सांगड भट्टांइतकी कोणी घातली असेल असे मला वाटत नाही. ‘लज्जा सन्याल’, ‘शैलजा सागर’, ‘आशका मांडल’ अशी नायिकांची नावे ग्रंथांना देणारा हा लेखक पुढे ‘ओथार’सारख्या, अठराशे सत्तावन्नच्या उठावानंतरच्या काळातल्या, भागांमागून भाग चालणाऱ्या प्रचंड कादंबऱ्यांकडे वळला. बेन वर्तमानपत्रांतील क्रमशः प्रकरणे कापून सुईदोऱ्याने शिवून ठेवीत. त्यांची तक्रार अशी की, पूर्वी नायक घोड्यावर बसला की पोहोचत असे, आता वाटेतले प्रत्येक झाड दिसल्यावाचून पोहोचत नाही. तक्रार सांगताना त्यांचे शिवणे चालूच असे.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंनी या संकटातून एक सोयीस्कर वाट काढली होती. खुनाविना कादंबऱ्या लिहायची हौस आली तेव्हा त्यांनी ‘मेरी वेस्टमॅकॉट’ असे दुसरे नाव घेतले आणि १९३० ते १९५६ या काळात सहा कादंबऱ्या त्या नावाने छापल्या. ही कोण बाई, हे बरीच वर्षे वाचकांना ठाऊक नव्हते. पॉयरोच्या चाहत्याला चकवा बसला नाही, आणि बाईंना हवे ते लिहिता आले. सुशिंनी तसे केले नाही. ज्या नावाखाली मंदार पटवर्धन तपास करीत होता त्याच नावाखाली त्यांनी कट्टा मांडला. यात धाडस होते असे मी म्हणते; दादा म्हणे, ही फसवणूक. वेष्टनावर नाव वाचून माणूस माल घेतो आणि आत दुसरेच निघते. कारखान्यात नोकरी करणाऱ्याची उपमा होती ती.

आणि दादाचे सगळेच चूक होते असेही नाही. नंतरच्या काही पुस्तकांत हळवेपणा हातातून सुटतो, पात्रे बोलता बोलता टाळ्यांची वाट पाहू लागतात. रहस्यकथेत त्यांना असा सैलपणा परवडत नव्हता. तेथे प्रत्येक वाक्याला काम होते.

११ जुलै २००३ रोजी सुशि गेले. वय अवघे चौपन्न. मी मुंबईहून फोन केला तेव्हा दादाने बातमी आधीच वाचली होती. “दारा बुलंद काढलाय,” एवढेच तो म्हणाला. आईने ‘दौलत’ काढली होती ते मला आठवले.

२०१३ साली ‘दुनियादारी’चा चित्रपट आला. संजय जाधव यांचे दिग्दर्शन, आणि चित्रगृहे भरलेली. माझी मुलगी पाहून आली ती हरखून. मी पाहून आले ती धुसफुसत, कारण मूळ कथेत फेरफार केलेले होते. जेवताना मी एकेक बदल मोजून दाखवू लागले, तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, तू मामासारखी बोलते आहेस.” मी भाजी वाढून विषय बदलला. पुढे २०२० मध्ये ‘समांतर’वरून मालिका निघाली. आपले भविष्य दुसऱ्या कोणी आधीच जगून ठेवले आहे असे कळलेल्या माणसाची ती गोष्ट. ती दादाने भाच्याच्या फोनवर पाहिली आणि मला कळवले की, कल्पना उत्तम, पण शोधाला दारा बुलंद हवा होता.

गेल्या वर्षी दादाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि मी पंधरा दिवस बारडोलीस जाऊन राहिले. त्याला वाचायची बंदी. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून झाले की मी त्याला वाचून दाखवीत असे. पहिले तीन दिवस अमर विश्वास चालला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “कपाटात खालच्या फळीवर ते दुसरे आहे, ते घे.”

मी पुस्तक काढले. एस. टी. चे एक पिवळे पडलेले तिकीट पहिल्या चाळीसेक पानांतच खोचलेले होते.

“तू वाचलेच नव्हतेस?”

“एवढेच वाचले होते,” दादा डोळ्यांवरच्या हिरव्या कापडाला हात लावीत म्हणाला. “ती मुले कट्ट्यावर बसली होती, गो. चहा पीत होती. मला दुसऱ्या दिवशी सात वाजता कारखान्यावर जायचे होते.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्यापाशी काय होते? चाळीस वर्षे मी या माणसाला साहित्यातले समजत नाही असे धरून चालले होते, आणि मनीऑर्डरची कुपने माझ्या पेटीत होती.

पहिल्या पानापासून सुरुवात केली. पाचव्या दिवशी एम.के. आला, तसा दादा उठून बसला. पूर्वीप्रमाणे त्याने कागद मागितला. हिरव्या कापडाखालून दिसत नव्हते, म्हणून वेड्यावाकड्या अक्षरांत काही तरी लिहिले आणि चिठोरे घडी करून माझ्या हाती दिले.

“मागच्या पुठ्ठ्यात घाल. आणि शेवट सांगूं नाका.”