भाचीसाठी भेट

मामाने भाचीला काय द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणास पडत नाही. बाप्तिस्म्याला झबले, पहिल्या कम्युनियनला पांढरा पोशाख, लग्नात साडी. वाट ठरलेली असते व मामा त्या वाटेने निमूट चालत असतो. परंतु भाची घोड्यावर बसू लागली म्हणजे ही वाट एकाएकी संपते. माझे तसेच झाले.

माझी धाकटी बहीण इंदूरला असते. २०२३ साली चीनमधील हांगझौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या घोडेस्वारांनी १९८२ नंतर, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी, सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांच्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. आपल्याच शहरातील मुलगी, हे ऐकल्यापासून माझ्या भाचीने घरात एकच धोशा लावला. अखेर आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आठवड्यातून दोन दिवस तिला शिकावयास पाठविले. पुढे तिचा बारावा वाढदिवस जवळ आला, तेव्हा बहिणीने फोनवर म्हटले, “दादा, यंदा तिला खाऊ नको, कपडे नकोत. घोड्याच्या उपयोगाचे काहीतरी आण.”

मी सेमिनरीत ग्रीक शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो. घोडा मात्र वरातीत पाहिला तेवढाच. तरीही मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. एका जत्रेत पितळी खिळे जडविलेल्या मुठीचा एक देखणा चाबूक दिसला, तो घेतला. शिवाय एका परिचितांच्या घरी फळीवर घोडेस्वारीचे हेल्मेट धूळ खात पडलेले होते. त्यांच्या मुलाने स्वारी सोडून दिली होती. “घेऊन जा फादर, इथे पडून तरी काय उपयोग?” असे ते म्हणाले. मी ते घरी आणून ओल्या फडक्याने पुसले. नव्यासारखे चकाकू लागले. थोडक्या पैशांत दोन दोन भेटी झाल्या म्हणून माझे मलाच कौतुक वाटले.

आमच्या बेळगावकडील गावात एक वृद्ध घोडेवाले आहेत. त्यांची पंचकल्याणी घोडी पंचक्रोशीतील वराती सांभाळते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी त्यांना चाबूक दाखविला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला व विचारले, “फादर, ह्यो घोडीसाठी घेतलासा, का पोरीसाठी?”

“पोरीसाठीच,” मी म्हणालो.

“मग नगा देऊ. शिकतंय पोर अजून. आधी मांड पक्की व्हायला पायजे, लगाम धरलेला हात हलका व्हायला पायजे. हातात चाबूक आला की हात शिकायचा थांबतोय बघा.”

मला सेमिनरीतील झेनोफनची आठवण झाली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील या ग्रीक लेखकाने अश्वविद्येवर एक छोटे पुस्तक लिहिले असून, घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये असा उपदेश त्यात आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेले आमचे म्हातारबुवा नेमके तेच सांगत होते. चाबूक मी घरी नेऊन खुंटीला अडकविला.

चार दिवसांनी म्हातारबुवा स्वतःच माझ्या दारी आले. जुन्या नालाचे लोखंड तापवून त्यांनी गावच्या लोहाराकडून वीतभर लांबीचा एक आकडा करून आणला होता. टोक बोथट, मुठीला कातड्याची पट्टी गुंडाळलेली. “खूर साफ करायला,” एवढेच ते म्हणाले. मी आभार मानले खरे. पण ती काळी वस्तू वाढदिवसाला द्यायची कशी, या विचाराने ती पिशवीच्या तळाशी टाकली.

इंदूरला भाचीने हेल्मेट पाहिले मात्र, ती आनंदाने नाचू लागली. दुसऱ्या दिवशी मला तबेल्यात घेऊन गेली. तिचे शिक्षक लष्करातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी हेल्मेट हातात घेतले, आतून अंगठ्याने दाबून पाहिले व विचारले, “हे पूर्वी कोणी वापरत होते काय? तो कधी पडला होता?”

मला ठाऊक नव्हते. त्यांच्यासमोरच मी परिचितांना फोन केला. ते सहज म्हणाले, “हो, एकदा पडला होता. कठड्यावर डोके आपटले. पण हेल्मेटवर ओरखडासुद्धा नाही बघा. तेव्हापासूनच त्याच्या आईने स्वारी बंद केली.”

शिक्षकांनी शांतपणे समजावून सांगितले. हेल्मेटचे बाहेरचे कवच कठीण असते. त्याच्या आत जाड, हलक्या फेसाचा थर असतो. आघात झाला की तो थर स्वतः चेपतो आणि डोक्यावर येणारा जोर आपल्यावर घेतो. मात्र एकदा चेपलेला थर पुन्हा फुलत नाही. बाहेरून वस्तू नवीन दिसते, आतून तिचे काम संपलेले असते. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे तर घेऊच नये.

मी खाली मान घालून ऐकत होतो. तोच भाची माझा हात धरून म्हणाली, “असू दे मामा. मी हेच घालीन. छान बसते मला.”

प्रिय वाचकहो, त्या क्षणी माझ्या पोटात धस्स झाले. ते हेल्मेट चांगले नाही, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तरीही मामाला वाईट वाटू नये म्हणून ती ते डोक्यावर घ्यावयास तयार होती! भेट देणारा वडीलधारा असला म्हणजे लहान मूल तिला नाही म्हणू शकत नाही. माझ्या हौसेचे ओझे तिच्या कोवळ्या डोक्यावर बसले असते, आणि एखाद्या दिवशी त्याची किंमत तिने मोजली असती.

मी शिक्षकांकडून कात्री मागून घेतली व हेल्मेटचे पट्टे तिच्यादेखत कापून टाकले. कचऱ्यातून उचलून दुसऱ्या कोणी ते आपल्या लेकराला घालू नये, हाही हेतू होताच. सायंकाळी बहीण व मी मिळून नवे हेल्मेट घेतले. “वाढते अंग आहे, एक माप मोठे घेऊ,” असे बहीण म्हणाली. गणवेशाच्या बाबतीत आपण सारे तसेच करतो. पण येथे ते चालत नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे सरळ बसले पाहिजे. मान हलविली तर ते हलता कामा नये. बुटांचेही तसेच: टाच थोडी उंच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. आणि खोगीर तर मुळीच परस्पर घेऊ नये, कारण ते स्वाराइतकेच घोड्याच्या पाठीला बसावे लागते.

निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करताना तो लोखंडी आकडा खणकन् खाली पडला. भाचीने तो उचलला व शिक्षकांकडे धावली. त्यांनी टोकावरून बोट फिरविले आणि पहिल्यांदाच हसले. “ही खरी भेट,” ते म्हणाले. मग त्यांनी घोडीचा पाय उचलून दाखविला. आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायचा, खुरातील मऊ भागाला जपायचे, अडकलेला खडा व ओला चिखल काढायचा. खडा राहिला तर घोडा लंगडतो, ओल राहिली तर खूर कुजू लागतो. हे रपेटीपूर्वी आणि रपेटीनंतर, रोजच. भाचीने चारही खूर स्वतः साफ केले. शेवटच्या खुराला अर्धा तास लागला असेल. पण घोडी शांत उभी होती.

परतल्यावर मी म्हातारबुवांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “बसायला समद्यास्नी आवडतंय, फादर. पाय उचलून बघणारा पायजे.”

आपल्या घरांत वाढदिवस येतात, सण येतात. मुलांना अवश्य द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे. पण देण्यापूर्वी त्या विषयातील जाणत्याला विचारण्याची लाज वाटू देऊ नये, आणि मुलाला “नको” म्हणता येईल एवढी मोकळीक ठेवावी. माझ्या खुंटीवर तो पितळी मुठीचा चाबूक अजून लटकत आहे. मुलांसाठी काही घ्यावयास निघालो की मी आधी त्याच्याकडे पाहतो.