आक्षीच्या किनाऱ्यावरचा बाद संपर्क

हॅम रेडिओ स्पर्धेचे निकालपत्र हाती पडून आता पुष्कळ महिने लोटले, आणि एका हौशी खेळातील गुणांसाठी माझ्या वयाच्या गृहस्थाने इतका काळ मनात अढी धरून बसावे हे शोभत नाही, असे घरच्यांनी मला वारंवार सुनावलेही आहे, तथापि त्या पत्रात आमच्या संकेतनामाखालील एका नोंदीवर तांबडी रेघ ओढून, "सदर संपर्क रिपीटरमार्फत झाला असावा, थेट मार्गाने अशक्य, सबब बाद" असा जो शेरा परीक्षक-समितीने मारला आहे, तो आठवला म्हणजे अद्यापही माझे डोके तापते. गुण गेल्याचे दुःख मला नाही. जे आम्ही मामा-भाच्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले, ते तुम्ही ऐकलेच नाही, असे दीडशे किलोमीटर दूर बसलेल्या माणसाने दप्तरी नोंदवून ठेवावे, याचा तो संताप आहे.

हॅम रेडिओचा इतिहास येथे सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. सरकारची परीक्षा द्यावी, परवाना आणि संकेतनाम मिळवावे, आणि आपल्यासारख्याच परवानाधारकांशी बिनतारी यंत्रावर बोलावे, एवढाच हा छंद. रिपीटर म्हणजे एकाचा संकेत ऐकून तोच पुढे दूरवर पोहोचविणारे मधले यंत्र. त्यातील व्हीएचएफ स्पर्धा म्हणजे आमच्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, दोन मीटरच्या पट्ट्यावर ठरावीक तासांत शक्य तितकी केंद्रे गाठण्याची चढाओढ. प्रत्येक संपर्कास एक गुण, आणि एकूण गुणांना जितके निरनिराळे चौकोन गाठले तितक्यांनी गुणावयाचे. हे चौकोन पृथ्वीच्या नकाशावर दोन रेखांश रुंद व एक अक्षांश उंच असे आखलेले असून, इंग्लंडातील मेडनहेड या गावी १९८० मध्ये भरलेल्या बैठकीत ही पद्धत मान्य झाली, म्हणून तिला त्या गावाचे नाव आहे. तिच्यातील गंमत अशी की, १९ अंशांची रेषा मुंबईच्या अंगावरूनच गेल्यामुळे कुलाबा आणि पुणे हे एकाच एमके ६८ या चौकोनात नांदतात, आणि दादर मात्र शेजारच्या एमके ६९ मध्ये जाते. त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी दादरकराचा भाव जो वधारतो तो गिरगावकराच्या डोळ्यांत सलतो.

स्पर्धा मला मुळात मनापासून आवडत नाहीत, हेही सांगून ठेवतो. या छंदाचा आत्मा ऐकण्यात आहे, आणि "पाच-नऊ, चौकोन अमुक, धन्यवाद, पुढचा कोण?" असे घाईने ओरडत सुटण्यात कोणता रस आहे, हे मला कधीच उमगले नाही. भाच्याच्या आग्रहास्तव मी गेलो.

आता व्हीएचएफ म्हटले की उंची, हे समीकरण आमच्या मंडळींत वेदवाक्यासारखे मानले जाते, आणि ते खोटेही नाही; सिंहगडासारख्या तेराशे मीटर उंचीच्या जागेवरून रेडिओचे क्षितिज दीडशे किलोमीटरांच्या घरात जाते, तर समुद्राकाठच्या एकमजली घराच्या गच्चीवरून ते जेमतेम बारा-तेरा किलोमीटर असते. तेव्हा कोणी सिंहगडावर, कोणी महाबळेश्वरी असे जो तो डोंगर गाठण्याच्या मागे असताना, माझे गुडघे चढणीस राजी नसल्यामुळे आम्ही अलिबागजवळच्या आक्षी या गावी, मराठीतील अतिप्राचीन मानल्या जाणाऱ्या शिलालेखामुळे अभ्यासकांना जे ठाऊक आहे त्या गावी, एका स्नेह्याच्या नारळीपोफळीच्या वाडीतील घरावर ठाण मांडले, तेव्हा मंडळींनी आमची यथेच्छ थट्टा केली. साहित्य साधेच होते: पंचवीस वॅटचा मोटारीत बसवायचा संच, बारा व्होल्टची बॅटरी, आणि भाच्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून बनविलेला पाच दांड्यांचा यागी अँटेना, तोही एफएमसाठी दांड्या उभ्या ठेवून वेळूच्या काठीला बांधलेला. काठी हाताने फिरवावी, आणि संचावरच्या, संकेताचे बळ दाखविणाऱ्या काट्याकडे पाहावे.

मार्च महिना होता. दुपारभर मुंबई, पनवेल, ठाणे, आणि सिंहगडावरचे आमचे स्पर्धक यांच्याशी रीतसर संपर्क झाले. महाबळेश्वरच्या केंद्रामुळे एमके ६७ पदरात पडले. चौकोन झाले तीन. सूर्यास्तानंतर वारा पार पडला, समुद्रावर दमट गारवा साचला, आणि दिवसभर तापलेल्या भूमीवरची कोरडी हवा त्याच्यावरून सरकत गेली असावी. कारण गच्चीवर घाम सुकत नव्हता आणि तरी आकाश कमालीचे स्वच्छ होते. रात्री साडेनवाच्या सुमारास १४५.५०० वर मुंबईचे एक केंद्र बोलत होते. ते थांबताच भाचा कान टवकारून म्हणाला, "मामा, हा थांबला की ह्याच्याखाली कुणीतरी गुजराती बोलतंय."

एफएमचा धर्म असा की, प्रबळ संकेत दुर्बळाला समूळ गिळून टाकतो. म्हणून मुंबईकर बोलत असेपर्यंत तो दुसरा आवाज नाहीसा होई, आणि त्याने कळ सोडली रे सोडली की शांत, जाडसर, वयस्क असा एक आवाज कुणाशी तरी पाण्याच्या मोटारीविषयी बोलत असलेला स्पष्ट ऐकू येई. मी वेळूची काठी धरली. अँटेना उत्तरेला, म्हणजे मुंबईकडे, असताना काटा दोन-तीन रेघांवर लटपटत होता. वायव्येकडे, जेथे आमच्यापुढे पाण्यावाचून काहीही नव्हते, तिकडे वळवताच तो शेवटास जाऊन टेकला. आणखी पश्चिमेस नेला की पुन्हा घसरला. हा प्रकार मी एकदा नव्हे, अनेकदा करून पाहिला, आणि भाच्याकडून करवून घेतला. हे मी इतक्या तपशिलाने सांगतो याचे कारण पुढे येईल.

संधी साधून आम्ही हाक दिली. पलीकडून क्षणभर काहीच नाही, मग, "कौन? अलीबाग? अरे भाई, मजाक मत करो." ते गृहस्थ वेरावळचे. आपल्याच गावातील एखादा टवाळ पोर हातातल्या छोट्या संचावरून आपली चेष्टा करीत आहे, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. शेवटी त्यांनी परीक्षाच घेतली: "मराठी में कुछ बोलो." आता वेरावळच्या माणसाला मराठीत काय सांगावे? भाच्याने सकाळी रस्त्याच्या कडेला घेतलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळेचा भाव, तो किती सांगितला होता आणि घासाघीस करून किती दिला, हे सारे साग्रसंगीत सांगितले. पलीकडे हसू फुटले. अलिबागचा पांढरा कांदा त्यांना ऐकून माहीत होता. मग त्यांनी पाच-नऊचा, म्हणजे संकेत उत्तम येत असल्याचा, दाखला दिला, आम्ही दिला, आणि चौकोन म्हणजे काय याची त्यांना वार्ताही नसल्यामुळे भाच्याने अक्षांश-रेखांशांवरून तो काढून त्यांना वाचून दाखवला: एमएल ५०. आक्षीपासून वेरावळ समुद्रावरून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. अकराच्या सुमारास तो आवाज हळूहळू खालावत गेला आणि नाहीसा झाला.

चौथा चौकोन मिळाला, म्हणजे गुणाकार तिनाऐवजी चाराने. तो बाद झाला, म्हणजे एकूण गुणांचा चौथाईहून अधिक हिस्सा गेला. पण समितीने तो ज्या तर्काने बाद केला तो तर्क पाहण्यासारखा आहे. तिचे म्हणणे असे की, सिंहगडावर आणि महाबळेश्वरी उत्तम सामग्रीनिशी बसलेल्या केंद्रांना त्या रात्री सौराष्ट्राचा मागमूसही लागला नाही, तर समुद्रसपाटीवरच्या गच्चीला तो लागेल कसा? अर्थात आमचे म्हणणे शाबीत करणारी जी गोष्ट, तीच आमच्याविरुद्ध साक्षीला उभी केली गेली.

कारण उघड आहे. हवेचा वक्रीभवनांक उंचीनुसार मंद गतीने घटतो, म्हणून रेडिओलहरी पृथ्वीकडे किंचित वाकतात आणि त्यांचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे दूर असते, हे नित्याचे. परंतु गार, दमट सागरी हवेवर उष्ण व कोरडा थर येऊन बसला म्हणजे हा अंक उंचीबरोबर झपाट्याने घसरतो, आणि ही घसरण दर किलोमीटरला १५७ एककांच्या पुढे गेली की लहरीची वक्रता पृथ्वीच्या वक्रतेहून अधिक होते. मग ती निसटून अवकाशात जात नाही, त्या थराखाली कोंडून घेतली जाते आणि पाण्यालगत शेकडो किलोमीटर वाहत जाते. दोन मीटरच्या लहरी कोंडण्यास असा थर दीड-दोनशे मीटर जाड असला तरी पुरतो. आता जो माणूस तेराशे मीटरांवर बसला आहे तो या छपराच्या वर बसला आहे. त्याला खालचे बोलणे ऐकू येऊ नये हेच स्वाभाविक. त्याने ऐकले नाही, हा आमच्या खोटेपणाचा पुरावा कसा?

मी समितीस सविस्तर खुलासा लिहिला. अँटेनाच्या दिशेचा आणि काट्याचा मुद्दा मांडला, मुंबईच्या एखाद्या रिपीटरमार्फत अथवा इंटरनेटने जोडलेल्या एकोलिंकमार्फत तो आवाज आला असता तर काटा उत्तरेस चढला असता, वायव्येस नव्हे, हे दाखवून दिले, १४५.५०० हे थेट संपर्काचे वारंवारिता-स्थान आहे, तेथे रिपीटर नसतो, आणि रिपीटरने कळ सोडल्यावर जी क्षणभराची शेपटी ऐकू येते ती आम्हांस एकदाही आली नाही, हे लिहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईस असलेल्या दोनशे मेगाहर्ट्झच्या रडारला उन्हाळ्याच्या दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत असत, ही तज्ज्ञांच्या ग्रंथांत नमूद असलेली गोष्टही आदरपूर्वक निदर्शनास आणली. अरबी समुद्राने अरबस्तान दाखवावे आणि त्यालाच वेरावळ जड जावे, हे कोणत्या न्यायाने? उत्तर तीन ओळींचे आले. वेरावळच्या केंद्राने स्पर्धेची नोंदवही पाठविलेली नाही, सबब रुजवात अशक्य. वस्तुतः कोणत्याही परवानाधारकाशी झालेला संपर्क ग्राह्य, मग तो स्पर्धक असो वा नसो, हे त्यांच्याच नियमावलीत छापलेले आहे.

पुढे वेरावळहून टपालाने कार्ड आले: सोमनाथाच्या देवळाचे चित्र, मागे निळ्या शाईत तारीख, वेळ, १४५.५००, एफएम, पाच-नऊ, आणि कोपऱ्यात वळणदार गुजरातीत कांद्याचा उल्लेख. ते जोडून मी फेरविचाराचा अर्ज केला. हरकतीची मुदत टळून गेली होती. अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला, असे कळविण्यात आले.

खरे सांगायचे तर, त्या परीक्षकांच्या खुर्चीत मी असतो, समोर नोंदवह्यांचा ढीग असता, आणि त्यांत आजवर कुणीच न नोंदविलेला असा एक संपर्क गुडघेदुखीने किनाऱ्यावर राहिलेल्या एका म्हाताऱ्याने नोंदविलेला दिसला असता, तर मीही त्यावर तांबडी रेघ ओढली नसती असे छातीठोकपणे सांगवत नाही. खोट्या चौकोनांचे प्रकार या स्पर्धांतून घडतात, आणि परीक्षकांना फुकटचा वाईटपणा घेऊन हे काम करावे लागते. पण रेघ ओढण्यापूर्वी मी एक पत्र वेरावळला धाडले असते. पत्ता आमच्या नोंदीतच होता. टपालखर्चाचा प्रश्न असता तर तोही मी भरला असता.

आयोजकांनी पुढील वर्षी उंचीच्या वेडाला थोडा आळा घालावा आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी वेगळा वर्ग ठेवावा, अशी माझी सूचना आहे. अशा स्पर्धा वर्षातून एकदा न घेता मार्च ते मे दर महिन्याला घ्याव्यात. कारण स्पर्धा नसती तर त्या रात्री साडेनऊ वाजता मी घरी जेवून निजलो असतो, आणि अरबी समुद्र कुणाच्याही कानी न पडता बोलत राहिला असता. नवीन परवानाधारकांना सांगणे एवढेच की नोंदवहीत वेळ आणि वारंवारितेबरोबर अँटेनाची दिशा, काट्याचे मान आणि हवेची स्थितीही लिहावी. आमच्या नोंदीत ती होती, म्हणून निदान भांडता तरी आले.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर ज्यांच्याजवळ दोन मीटरचा संच आहे त्यांना विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यात वारा पडलेल्या रात्री त्यांनी अर्धा तास तरी समुद्राकडे तोंड करून ऐकावे. वेरावळचे ते गृहस्थ बहुधा रोज नवानंतर १४५.५०० वर असतात, आणि त्यांचा अँटेना उभा आहे, आडवा नव्हे.